जनावराचा कॉर्निया येऊ द्या, पण रुग्णाला विचारून

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या रुग्णालयांच्या एथिक्स कमिट्यांचे सर्व सदस्य यांस

स. न. वि. वि.

मी नेत्रदान समुपदेशक आहे. राहायला कळव्याला, आणि कामाला ठाण्यापासून पनवेलपर्यंत जिथून फोन येईल तिथे. घरातलं माणूस गेल्यावर पहिल्या सहा तासांतलं आमचं काम. ‘पंखा बंद करा, डोळे मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, आम्ही निघालोच’ एवढं फोनवर सांगायचं आणि रिक्षा पकडायची. तंत्रज्ञाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. बाकीचा वेळ घरच्यांशी बोलण्यात जातो. रडून दमलेल्या माणसाला अवघड प्रश्न कसा विचारायचा, हे मी तिथेच शिकले. तुमच्याशी बोलायचा माझा अधिकार काय असेल तर तो एवढाच.

पत्राचं कारण असं. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काचेसारखी पारदर्शक चकती. आतल्या सगळ्या पेशी काढून टाकलेला डुकराचा कॉर्निया चीनने २०१५ सालीच रुग्णांसाठी मंजूर केला. डुकराच्या कातडीतल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनापासून बनवलेला कॉर्निया दिल्लीच्या एम्समध्ये आणि तेहरानमध्ये माणसांना बसवून झाला. त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२२ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त आले. म्हणजे गोष्ट आता उंदीर-सशांपुरती राहिलेली नाही. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत ज्या वेगाने मोठी रुग्णालयं उभी राहताहेत, ते पाहता असा चाचणीचा प्रस्ताव आज ना उद्या तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

या विषयावर डॉक्टर मंडळींशी बोलताना मला दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ‘आपल्याकडे डुकराचं कोण बसवून घेणार? उगाच गोंधळ होईल, नकोच ते.’ दुसरा म्हणतो, ‘पेशी राहिल्याच नाहीत, नुसतं कोलॅजन उरलं, मग कशाचं होतं ते सांगायची गरजच काय?’ वरवर पाहता ही दोन टोकं. पण दोघांनीही रुग्णाच्या वतीने परस्पर निर्णय घेऊन टाकलाय. एकाने नाही म्हणून, दुसऱ्याने न सांगता हो म्हणून. माझं म्हणणं या दोघांच्याही विरुद्ध आहे. येऊ द्या जनावराचा कॉर्निया. पण ज्याच्या डोळ्यात तो जाणार, त्याला सगळं सांगून, विचारून, आणि तो नाही म्हणाला तर दुसरी वाट ठेवून.

आधी गरज कुणाला आहे ते सांगते, कारण प्रस्तावाच्या कागदावर हा माणूस फार अंधुक दिसतो.

मुरबाड-शहापूरकडे भातकापणी सुरू झाली की डोळ्यात कुसळ गेलेली माणसं येऊ लागतात. झोडणी करताना किंवा पेंढा उचलताना लोंबीचं टोक बुबुळाला ओरखडा काढून जातं. बाई पदराने डोळा पुसते, पाणी मारते, कामाला लागते. दोन-तीन दिवसांनी डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही. मग मेडिकलवाला कसले तरी थेंब देतो, आणि त्यात स्टेरॉइड असलं की विषय संपला. ओरखड्यातून बुरशी आत गेलेली असते. स्टेरॉइडने लाली उतरते, बाईला वाटतं बरं वाटतंय, आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत बुबुळावर पांढरट ठिपका आणि कडेने मळकट झालर. बुरशीचे थेंब तासातासाला घालूनही जखम खोल जात राहिली, तर डोळा वाचवायला तातडीने कॉर्निया बदलावा लागतो. त्या क्षणी नेत्रपेढीत कॉर्निया असेलच असं नाही. नसेल तर डोळ्यात कायमचं फूल पडतं, किंवा बुबुळ फुटून डोळाच जातो. यांतली बहुतेक माणसं कमावत्या वयाची असतात. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या अंधत्वात कॉर्नियाचा वाटा ३७.५ टक्के निघाला. त्या वयात तेच पहिलं कारण. पन्नाशीपुढे मात्र मोतीबिंदू कॉर्नियाला कितीतरी मागे टाकतो.

इकडे टीटीसीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, महापे-रबाळ्याला, चष्मा न लावता ग्राइंडर चालवणारी पोरं आहेत. आणि घरोघरी चुन्याची ट्यूब आहे. आजोबांची तंबाखूची ट्यूब लहान मुलाच्या हाती लागते, ते ती दाबत बसतं, तोंड बंद असल्याने ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना डोळ्यात आतआत जाळत जातो. (या ट्यूबवर निदान डोळ्याचं चित्र काढून फुली तरी मारा, हे कुणाला सांगायचं ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या अखत्यारीतलं नाही, माहीत आहे.)

चुन्यावरून आठवलं. माणसावरचं पहिलं यशस्वी कॉर्निया रोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी केलं. रुग्ण अलोइस ग्लोगार, मजूर, दोन्ही डोळे चुन्याने भाजलेले. कॉर्निया मिळाला तो अकरा वर्षांच्या एका मुलाचा, ज्याचा जखमी डोळा काढावाच लागणार होता. ग्लोगारच्या दोन डोळ्यांपैकी एकात तो स्वच्छ राहिला आणि माणूस पुन्हा कामाला लागला. पण त्याच्या बऱ्याच आधी, १८३८ मध्ये, न्यूयॉर्कच्या रिचर्ड किस्साम यांनी डुकराचा कॉर्निया माणसाला शिवून पाहिला होता. महिनाभरात तो पांढरा पडला. म्हणजे जनावराचा कॉर्निया ही कल्पना माणसाच्या कॉर्नियापेक्षा जुनी आहे. फसली ती पेशींमुळे. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची एक साखर असते. माणसात ती नसते, उलट तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आपल्या रक्तात जन्मानंतर लवकरच तयार होऊन बसलेल्या असतात. शरीर त्या साखरेला ओळखतं आणि तुटून पडतं.

पेशी काढून टाकण्यामागचा विचार इथून सुरू होतो. कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यातला नव्वद टक्के भाग म्हणजे स्ट्रोमा: कोलॅजनच्या बारीक तंतूंचे थरावर थर, प्रत्येक तंतू शेजारच्यापासून ठरावीक अंतरावर. हे अंतर सारखं असतं म्हणून प्रकाश आरपार जातो. ते बिघडलं, थरांत पाणी भरलं, की काच धुरकट होते. या थरांमध्ये राहणाऱ्या पेशी काढून टाकायच्या आणि थर जसेच्या तसे ठेवायचे. आमच्या ठाण्याच्या भाषेत सांगायचं तर बिऱ्हाडं सगळी हलवायची, चाळीला मात्र धक्का लावायचा नाही; पुढे रुग्णाच्या स्वतःच्या पेशी हळूहळू तिथे राहायला येतील. (आमच्याकडे रिडेव्हलपमेंटमध्ये नेमकं उलट होतं, ते सोडा.)

हे करायला खारट द्रावणं वापरतात, एसडीएस किंवा ट्रायटनसारखे डिटर्जंट वापरतात, गोठवून-वितळवून पेशी फोडतात, एन्झाइम घालून उरलेला डीएनए तोडतात. प्रत्येक पद्धतीची किंमत मोजावी लागते. डिटर्जंट जोरात लावला तर पेशी नीट निघतात पण तंतूंची मांडणी विस्कटते, थरांतले पाणी धरून ठेवणारे रेणू धुऊन जातात आणि कॉर्निया फुगून पांढरा होतो. शिवाय डिटर्जंटचा अंश मागे राहिला तर रुग्णाच्या ज्या पेशी तिथे वस्तीला यायच्या, त्याच मरतात. हलक्या हाताने धुतलं तर पारदर्शकता टिकते, पण डुकराचा डीएनए आणि ती अल्फा-गॅल साखर शिल्लक राहण्याचा धोका. या क्षेत्रातले लोक एक ढोबळ मोजमाप मानतात: कोरड्या ऊतीच्या दर मिलिग्रॅममागे डीएनए ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी, त्याचे तुकडे २०० बेस-जोड्यांपेक्षा लहान, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकही पेशीकेंद्रक दिसता कामा नये.

प्रस्ताव आला की ‘पूर्णपणे पेशीमुक्त’ या दोन शब्दांवर समाधान मानू नका, असं मी म्हणते ते यासाठी. प्रत्येक बॅचचा डीएनए किती, अल्फा-गॅल तपासली का, डिटर्जंटचा अंश किती उरला, हे आकडे मागा. डुकराच्या जनुकांतच बसलेले पर्व्ह नावाचे रेट्रोव्हायरस प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींना लागण करू शकतात, हे १९९७ पासून माहीत आहे. पेशीच नसतील तर हा धोका खूप कमी होतो. पण ‘खूप कमी’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची. आम्ही दात्याच्या रक्ताचा नमुना घेतो, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी-सी, सिफिलिस तपासतो, त्याशिवाय कॉर्निया पुढे जात नाही. डुकराला यातून सूट का?

आता हाती आलेल्या पुराव्याबद्दल. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घातल्या जातात, म्हणून वेगळ्या करून सांगते. चीनमध्ये वापरतात तो खऱ्या अर्थाने डुकराचा कॉर्निया, फक्त पेशी काढलेला. तिथल्या एका चाचणीत बुरशीच्या अल्सरच्या, म्हणजे बुरशीने कॉर्नियावर झालेल्या जखमेच्या, ४७ रुग्णांना तो बसवला. आमच्या मुरबाडच्या बाईसारखेच रुग्ण. पण जखम कॉर्नियाच्या आरपार गेलेली नसेल तरच. वरचे थर बदलायचे, आतला थर रुग्णाचा स्वतःचाच ठेवायचा. एम्स आणि तेहरानमधलं काम मूळचं स्वीडनच्या लिंशॉपिंगमधलं. त्यात डुकराच्या कातडीतलं कोलॅजन वेगळं काढून, शुद्ध करून, नव्याने साच्यात घट्ट केलेलं असतं. वीस रुग्ण, सगळे केराटोकोनसचे, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलेला. वीसपैकी चौदा जण ऑपरेशनआधी अंध या व्याख्येत बसत होते. दोन वर्षांनी एकही नव्हता. भारतातल्या तिघांना तर पूर्ण नजर आली. रुग्णाचा स्वतःचा कॉर्निया कापून काढायची गरज पडली नाही. त्यातच खिसा करून नवा पदर सरकवला. आणि हा माल दोन वर्षंही साठवता येतो. आम्ही काढलेला कॉर्निया साठवणीच्या नेहमीच्या एमके द्रावणात चार दिवस टिकतो, महागड्या द्रावणात दोन आठवडे. शुक्रवारी रात्री कॉर्निया हाती आला आणि सोमवारी शस्त्रक्रिया ठेवायची, तर ही चार दिवसांची मुदत आम्ही बोटांवर मोजत असतो. दोन वर्षं ऐकून हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

पण केराटोकोनस हे त्यातल्या त्यात सोयीचं दुखणं. जंतुसंसर्ग नाही, डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या घुसलेल्या नाहीत, आतला थर शाबूत. तिथलं यश दाखवून उद्या कुणी चुन्याने भाजलेल्या पोरासाठी प्रस्ताव आणला, तर थांबवा. चुन्याने कॉर्नियाच्या कडेच्या मूळपेशीही जळालेल्या असतात. त्या परत लावल्याशिवाय माणसाचा कॉर्निया टिकत नाही, तर डुकराचा कसा टिकेल? त्या मूळपेशी लावायची सोपी पद्धत आपल्याच देशात, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत विकसित झाली आहे. कोणत्या आजाराच्या रुग्णावर चाचणी करणार, यावर कमिटीने सगळ्यात जास्त वेळ घालवावा. माझं स्वतःचं मत विचाराल तर इथे पहिला हक्क तातडीच्या अल्सरचा, कारण त्या रुग्णापुढे थांबण्याचा पर्यायच नसतो. केराटोकोनसवाल्याला थांबता येतं. पण ज्याला थांबता येत नाही, त्याच्याकडून घाईघाईत सही घेणंही सोपं असतं. ते तुम्ही बघायचं.

येते त्या सहीवर.

माझे मोठे काका माळकरी. दर आषाढीला पायी, मांस-मच्छी घरात वर्ज्य. हृदयाची झडप बदलली, बरे झाले, वारीला पुन्हा जाऊ लागले. बऱ्याच काळाने फाइल लावताना नातवाने कागद वाचला आणि कळलं की झडप बैलाच्या हृदयावरच्या पडद्यापासून केलेली. घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही. काका शेवटी म्हणाले, ‘झडपेचं मला काही नाही. पांडुरंगाने दिली म्हणायची. पण विचारलं असतंत, तर माळ गळ्यात ठेवून जायचं की उतरवून, हे मी ठरवलं असतं ना.’ त्यांनी ती झडप नाकारली असती असं मला वाटत नाही. त्यांना राग होता तो न विचारल्याचा. रुग्णालयाचं नाव मी इथे घेणार नाही, कारण दुसरीकडेही काही वेगळं झालं असतं असं वाटत नाही.

डॉक्टरांचं यावर उत्तर असतं, ‘असं म्हटलं तर हेपारिनही डुकराच्या आतड्यापासून बनतं. अँजिओप्लास्टीला, डायलिसिसला रोज देतो, प्रत्येकाला सांगत बसू का?’ बरोबर आहे, बहुतेक हेपारिन तसंच बनतं. जुनं इन्सुलिनही डुक्कर आणि गायी-बैलांच्या स्वादुपिंडातून यायचं. पण एक गोष्ट आजवर सांगितली नाही म्हणून दुसरीही सांगायची नाही, हा हिशेब मला पटत नाही. हेपारिन काही तासांत शरीरातून निघून जातं. कॉर्निया माणूस आरशात रोज बघणार आहे.

मुंब्रा-कौसा, भिवंडी इथले मुस्लिम रुग्ण, नौपाड्यातले जैन, कल्याणचे माळकरी, वाशीचे शीख. यांतला कोण काय म्हणेल याचा अंदाज कमिटीने बांधू नये. गरज असेल तर निषिद्ध गोष्टही उपचारासाठी चालते, असं अनेक मुस्लिम धर्मपंडितांनी म्हटलेलं आहे. काहींना ते मान्य नाही. जैनांमध्ये कुणी म्हणेल जनावर आधीच मांसासाठी मेलं होतं, कुणी म्हणेल तरीही नको. हे निवाडे तुम्ही करायचे नाहीत आणि मीही करायचे नाहीत. तुम्ही फक्त एवढं करायचं: माहिती स्वच्छ द्यायची आणि तातडीचं नसेल तेव्हा रुग्णाला घरी जाऊन, आपल्या मौलवींना, महाराजांना, आईला विचारून यायला दोन दिवस द्यायचे. दहा ओळींची चिठ्ठी पुरते. कुठल्या जनावराचं, शरीराच्या कुठल्या भागाचं, त्यातून काय काढून टाकलं, काय उरलं, फसलं तर काय. ती मराठीत हवी, उर्दूत हवी, हिंदीत हवी, आणि ती डॉक्टरांच्या जोडीला कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवी. सही घेणाऱ्या निवासी डॉक्टरला रात्री दोन वाजता ते जमत नाही. त्याचा दोष नाही.

आणि जनावर दुसरंही असू शकतं. आइसलँडमध्ये कॉड माशाची पेशीमुक्त कातडी जखमांवर वापरतात. माशाच्या खवल्यांतल्या कोलॅजनपासून कॉर्निया करण्याचं काम तैवानमध्ये झालं आहे. आमच्या चेंदणी कोळीवाड्यात खवले सकाळी कचऱ्यात जातात! आपल्याच देशात तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून जखमेवरचं पेशीमुक्त आवरण बनवलं आणि २०२३ मध्ये त्याला औषध महानियंत्रकांची मंजुरी मिळाली. हैदराबादला तर माणसाच्याच, पण रोपणासाठी नाकारलेल्या कॉर्नियांतून पेशी काढून, त्याची शाई करून थ्री-डी प्रिंटरवर कॉर्निया छापला आणि २०२२ मध्ये सशाला बसवला. म्हणजे ‘हेच जनावर का?’ असं संशोधकाला विचारायला हरकत नाही. उत्तर असेल त्याच्याकडे, डुकराचा कॉर्निया माणसाच्या जवळ जातो हे खरंच आहे. पण विचारलं गेलं पाहिजे आणि उत्तर कागदावर उतरलं पाहिजे.

आता माझ्या पोटातली भीती. असं काही छापून आलं की फोनवर लगेच ऐकू येईल, ‘ताई, आता डुकराचा मिळतो ना, मग आमच्या आईच्या डोळ्यांना कशाला हात लावता?’ आणि बातमी देणारे मथळा असाच देतील की आता नेत्रदानाची गरज उरणार नाही. हे साफ खोटं आहे. कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. तो चोवीस तास पाणी उपसत राहतो म्हणून कॉर्निया कोरडा आणि स्वच्छ राहतो. माणसात या पेशी पुन्हा वाढत नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कॉर्निया सुजलेले कितीतरी रुग्ण रांगेत आहेत, ते याच पेशी गेल्यामुळे. पेशी काढून टाकलेला डुकराचा कॉर्निया त्यांच्या कामाचा नाही, कारण त्यांना हव्यात त्या पेशीच. जपानने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या उपचारात एंडोथेलियमच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून सुईने डोळ्यात सोडतात. त्या पेशीसुद्धा मुळात कुणा दात्याच्या डोळ्यातूनच येतात. २०१६ मध्ये छापून आलेल्या जागतिक पाहणीत एका कॉर्नियामागे सत्तर गरजू असं प्रमाण निघालं, १ कोटी २७ लाख लोक वाट पाहत होते. त्यातून स्ट्रोमाचे रुग्ण जनावराच्या कॉर्नियाकडे गेले, तर आम्ही आणलेला प्रत्येक कॉर्निया एंडोथेलियमच्या रुग्णाला मिळेल. रांग विभागली जाईल, एवढाच त्याचा अर्थ. चाचणीला मंजुरी देताना प्रसिद्धीपत्रकात हे वाक्य घालायची अट टाका, एवढी माझी विनंती.

आणखी एक अट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चाचणीतला जनावराचा कॉर्निया पांढरा पडला, गळला, बुरशी परत आली, तर त्या रुग्णासाठी माणसाचा कॉर्निया कुठून आणि किती तासांत येणार, हे आधी ठरलेलं हवं. कुठल्या तरी पेढीशी लेखी करार हवा. प्रयोगात भाग घेतला म्हणून तो रांगेत शेवटी जाता कामा नये. चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते, हे नियमात आहेच. पण भरपाईच्या चेकने दिसत नाही. माणसाचा राखीव कॉर्निया हाताशी नसेल त्या दिवशी ऑपरेशन करू नका, इतकं स्पष्ट लिहा.

तपासण्यांचंही लिहून ठेवा. मुरबाडला रेल्वे नाही. तिथल्या पाड्यावरून एसटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे, मग रिक्षा. दिवसाचा रोज बुडतो आणि सोबत एक माणूस लागतो, त्याचाही बुडतो. अशी बाई पहिले दोन महिने येईल, डोळा बरा वाटू लागला की येणं बंद. मग तुमच्या अहवालात ती ‘संपर्क तुटला’ या रकान्यात जाते आणि तिच्या डोळ्याचं काय झालं ते कुणालाच कळत नाही. दोन वर्षांच्या प्रवासाचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे खर्चाच्या अंदाजपत्रकात आहेत का, हे पहिल्याच बैठकीत पाहा. नसतील तर प्रस्ताव परत पाठवा.

नियमाप्रमाणे तुमच्या प्रत्येक कमिटीत एक सर्वसामान्य माणूस असतो. बैठकीत तो बहुधा गप्प बसतो, कारण बाकी सगळे डॉक्टर आणि वकील. हा विषय आला की त्याला आधी बोलू द्या. आणि चाचणीची नोंद सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, होतेच, तिथे निकालही टाकायला लावा, फसलेले डोळे धरून.

चिठ्ठीचा मराठी मसुदा कुणी तयार केला तर मला पाठवा. आमच्या गल्लीत तीन-चार जणांना वाचून दाखवीन आणि ते जिथे अडखळतील तिथे खुणा करून परत पाठवीन. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो, तेव्हा मात्र सवड मिळत नाही. त्याच्या आधी पाठवलात तर बरं.

आपली नम्र,
एक नेत्रदान समुपदेशक
कळवा, ठाणे